चित्रातल्या बाईसाठी उपाशी राहू नका

जाहिरातीतल्या बाईचा फोटो कसा तयार होतो, हे घरातल्या मुलींना एकदा समोर बसवून सांगायला हवं. आठवीतल्या मुलीला कळेल इतकं ते सोपं आहे, आणि ते न कळल्यामुळे होणारं नुकसान फार मोठं आहे.

आधी निवड होते. पुष्कळ मुली बघून त्यातली एक घेतात. ती उंच असते, मुळातच लहान चणीची असते आणि वयाने कोवळी असते. शूटिंगच्या आधी काही दिवस ती मोजून-मापून खाते. मग तास-दोन तास मेकअप. ड्रेस तिच्या अंगावर सैल होत असेल तर पाठीमागून क्लिपा लावून आवळतात, समोरून बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर बसलाय! साडी असेल तर निऱ्या आणि पदर जागोजागी पिना मारून बसवलेले असतात. ती साडी नेसून तिला धड मांडी घालून बसताही येणार नाही, मग पोळ्या लाटणं तर दूरच. उजेड असा टाकतात की गालाखाली सावली पडून चेहरा निमुळता दिसावा. कॅमेरा जरा खालून धरला की पाय लांब दिसतात. असे शेकडो फोटो काढून त्यातला एक ठेवतात, आणि तो कॉम्प्युटरवर जातो. फोटोशॉपमध्ये 'लिक्विफाय' नावाची सोय आहे. ती वापरून माऊसने ढकलून कंबर आत घेता येते, दंड बारीक करता येतात, मान लांब करता येते. मग कातडीवरची छिद्रं, लव, डाग, सुरकुत्या पुसून टाकतात. बसल्यावर पोटाला घडी पडते ती प्रत्येकाच्या पडते, कारण कातडी सैल असल्याशिवाय माणसाला वाकताच येणार नाही. पण जाहिरातीत सोफ्यावर बसलेल्या बाईच्या पोटाला घडी नसते. तीही पुसलेली असते.

म्हणजे जिचा फोटो आहे, ती बाईसुद्धा त्या फोटोसारखी दिसत नाही. हे कंपन्यांना माहीत नाही असं समजू नका. २००६ साली 'डव्ह'ने 'इव्होल्यूशन' नावाची एक छोटी फिल्म काढली. साध्या चेहऱ्याची मुलगी खुर्चीत येऊन बसते आणि मिनिट-सव्वा मिनिटात मेकअप आणि कॉम्प्युटर मिळून तिचा चेहरा फलकावरच्या चेहऱ्यात बदलतात, एवढंच त्यात आहे. ती फिल्म घरात सगळ्यांनी मिळून बघावी अशी आहे. मात्र हेही लक्षात ठेवावं की 'डव्ह' ज्या युनिलिव्हरचा, तिचीच इथली कंपनी आपल्याकडे १९७५पासून 'फेअर अँड लव्हली' विकत होती. २०२० साली त्या क्रीमचं नाव बदललं.

आता हीच कारागिरी प्रत्येकीच्या फोनमध्ये आली आहे. ब्यूटी फिल्टर लावला की नाक बारीक, गाल आत, रंग उजळ. पूर्वी मुलगी स्वतःला नटीशी ताडून बघायची. आता ती स्वतःच्याच बदललेल्या चेहऱ्याशी ताडून बघते आणि मग आरशातली खरी ती तिला आवडेनाशी होते. मला हे जास्त काळजीचं वाटतं. २०२१ साली फेसबुक कंपनीच्या आतल्या पाहणीचे कागद बाहेर आले. ज्या किशोरवयीन मुलींना आधीच आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं की त्याच कंपनीच्या इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. वजन कमी करण्याचा एक व्हिडिओ पूर्ण पाहिला की पुढचे दहा तसलेच समोर येतात, हा अनुभव तर आपण सगळ्यांनीच घेतलेला आहे.

आपल्या शरीरावर खूश असलेली बाई डाएट पावडर घेत नाही, पोटाला बांधायचा पट्टा घेत नाही, स्लिमिंग सेंटरचं पॅकेज घेत नाही. म्हणून आधी तिला तिच्यात काहीतरी खोट आहे असं वाटायला लावायचं आणि मग त्या खोटीवरची वस्तू पुढे करायची, असा हा धंदा आहे. माप कुठलं धरायचं, हे तोच ठरवतो, आणि ते बदलतही राहतं. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी महाराष्ट्रात घरोघरी लागल्या, आणि तशाच चित्रांवर साबणासारख्या मालाच्या जाहिरातीही निघाल्या. त्या बायकांचे दंड भरलेले आहेत, चेहरे गोल आहेत, त्यांना पोट आहे. त्या काळी तीच सुंदर होती आणि माल तिच्याच चित्रावर खपत होता. १९९१ नंतर बाजार खुला झाला, घरोघरी केबल आली, १९९४ साली सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. २००८ साली 'टशन' सिनेमा आला आणि त्यातल्या नायिकेमुळे 'झीरो फिगर' हा शब्द कॉलेजातल्या मुलींच्या तोंडी बसला. माप बदलत गेलं, आपल्या आज्यांकडून आलेली हाडं काही बदलली नाहीत.

चित्र बघून जेवण खरंच बदलतं का, अशी शंका कुणाला येईल. त्यासाठी फिजी बेटांवरची गोष्ट सांगते. तिथे पूर्वापार धडधाकट, भरल्या अंगाच्या बाईचं कौतुक होतं. कुणी बारीक झालं, जेवण कमी झालं की घरचे काळजी करत, औषधपाणी करत. आपल्याकडेही 'खात्यापित्या घरची दिसते' हे कौतुकच होतं, तसंच. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. हार्वर्डच्या ॲन बेकर या संशोधक डॉक्टरांनी टीव्ही आल्याआल्या शाळकरी मुलींना काही प्रश्न विचारले आणि तीन वर्षांनी, १९९८ साली, तशाच वयाच्या मुलींना पुन्हा तेच विचारले. मुली सरासरी सतरा वर्षांच्या, प्रत्येक वेळी साठ-पासष्ट. संख्या लहान होती, पण उत्तरांतला फरक लहान नव्हता. खाण्याबद्दलच्या बिघडलेल्या वागण्याचं मोजमाप धोक्याच्या रेषेपुढे गेलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन कमी व्हावं म्हणून खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकणारी मुलगी १९९५ साली एकही नव्हती, १९९८ साली अशा मुली ११.३ टक्के निघाल्या. पडद्यावरच्या परदेशी नट्यांसारखं व्हायचंय, असं त्या मुलींनी स्वतः सांगितलं. फक्त तीन वर्षांचा टीव्ही होता तो. आपल्या मुलींच्या हातात रात्री झोपेपर्यंत फोन असतो.

आता आपल्या राज्याकडे बघू. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. शंभरात सुमारे २१ जणी गरजेपेक्षा बारीक होत्या, सुमारे २३ जणींचं वजन जास्त होतं. लोकलच्या लेडीज डब्यात, एसटी स्टँडवर, विजेच्या खांबावर 'वजन कमी करा' असे कागद चिकटवलेले आपण रोज बघतो. ते कागद या तिन्ही प्रकारच्या बायकांना एकच गोष्ट सांगतात, कारण त्यांना कुणाच्याच तब्येतीशी देणंघेणं नाही. रक्त कमी असलेली, दिवसभर उभी राहून काम करणारी बाई तो कागद वाचते आणि रात्रीची भाकरी अर्धी करते.

आपल्या घरांमध्ये या उपासमारीला लपायला जागाही भरपूर आहेत. बाई सगळ्यांत शेवटी जेवते. तिने किती खाल्लं, हे बघायला त्या वेळी ओट्यापाशी कुणी नसतं. पातेल्यात उरलं ते तिचं, नाही उरलं तर चहा-बिस्कीट. त्यात उपवास. माझा उपवासाला विरोध नाही, श्रद्धेने केलेला उपवास ज्याचा त्याने करावा. पण सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी असे मुलीचे उपवास एकाएकी वाढायला लागले आणि ती साबुदाण्याची खिचडीसुद्धा 'तेलकट आहे' म्हणून नाकारू लागली, तर आईने समजावं की हे देवासाठी चाललेलं नाही. 'उपवास आहे' म्हटल्यावर घरात कुणी प्रश्न विचारत नाही, हे मुलींना पक्कं माहीत असतं.

आणि लग्न. मागणीच्या जाहिरातींत 'गोरी, सडपातळ' हे शब्द अजूनही छापून येतात. साखरपुडा झाला की प्री-वेडिंग शूट ठरतं, आणि मुलगी शिंप्याला ब्लाउज एक इंच घट्ट शिवायला सांगते, तोवर मी बारीक होईन म्हणून. मग दीड-दोन महिने सकाळी काढा, दुपारी काकडी, रात्री सूप. हळदीच्या दिवशी उन्हात उभं राहून चक्कर येते आणि सगळे म्हणतात, दगदग झाली. शिंप्याला सांगा, आत्ताच्या मापाचा शीव आणि आत चांगलं मार्जिन ठेव. कपडा अंगासाठी असतो. बाळंतिणीला तर चाळीस दिवस होत नाहीत तोच 'पोट कधी आत जाणार' असं विचारणारे भेटतात. बाळाला पाजणाऱ्या बाईला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागतं. अळिवाचे, डिंकाचे लाडू तिला द्यायची रीत त्यासाठीच आहे. कुठल्या नटीने बाळंतपणानंतर किती दिवसांत किती किलो कमी केले, ही बातमी तिच्यापुढे वाचू नका.

कमी खाऊन बारीक व्हायला निघालेल्या बहुतेक जणी काही आठवड्यांनी एखाद्या रात्री डबे उघडून उभ्या उभ्या खातात आणि मग स्वतःला दोष देतात, 'माझ्यात निग्रहच नाही'. त्या सगळ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगणं मला अगत्याचं वाटतं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवलं. लढाईतून सुटलेल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शिकण्यासाठी तो प्रयोग होता. दिवसाला साधारण १६०० कॅलरी मिळत. ते तरुण पुरुष होते, भरपूर चालतही होते, त्यामुळे त्यांची गरज मोठी होती हे खरं. पण व्हॉट्सॲपवर फिरणारे कितीतरी डाएट चार्ट याहून कमी अन्नाचे असतात. त्या तरुणांचं काय झालं? वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. सतत थंडी वाजायची, चिडचिड व्हायची, मित्र नकोसे झाले, कशात लक्ष लागेना. आणि डोक्यात चोवीस तास अन्न. ज्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता, ते पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचे. ताटं चाटून पुसून खायचे. प्रयोग संपल्यावर पोट तट्ट फुगेपर्यंत जेवले तरी भूक भागेना, आणि अशी अवस्था पुढे बराच काळ राहिली. हे सगळे मनाने घट्ट, तपासून निवडलेले लोक होते. उपाशी शरीर असंच वागतं, त्यात स्वभावाचा दोष नाही. तेव्हा रात्री डबे उघडणाऱ्या माझ्या बहिणींनो, स्वतःला शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहू नका. सकाळी वेळेवर नाश्ता करा, दुपारी पोटभर जेवा. रात्रीचा तो हल्ला बऱ्याचदा त्यानेच कमी होतो.

काही मुलींचं मात्र यापुढे जातं आणि तो आजार होतो. ॲनोरेक्सिया, बुलिमिया ही त्यांची नावं. हे श्रीमंतांचे चोचले नाहीत. ॲनोरेक्सिया हा मनाच्या आजारांमधल्या सगळ्यांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे. पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, केसांचे पुंजके हातात येणं, उन्हाळ्यातही थंडी वाजणं, चक्कर, सर्वांसमोर जेवायचं टाळणं, 'मी मैत्रिणीकडे खाऊन आले' असं वारंवार सांगणं, जेवल्याजेवल्या बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेणं, दिवसातून चार-चार वेळा वजनकाट्यावर उभं राहणं, ही लक्षणं दिसली तर रागावू नका, ताटावर बसवून जबरदस्तीने भरवू नका आणि 'आपोआप जाईल' म्हणून वाटही बघू नका. बुलिमियात वजन अगदी नेहमीसारखं असू शकतं, म्हणून नुसत्या दिसण्यावरून निर्धास्त होऊ नका. सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना सगळं उघड सांगा, मग मानसोपचारतज्ज्ञांकडे. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस फुकट मिळते आणि मराठीत बोलता येतं. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं.

वजन जास्त असणं चांगलं का, असा प्रश्न उरतो. नाही. आपल्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो आणि पोटावरची चरबी त्याला हातभार लावते. पण ते साखर, रक्तदाब, कंबरेचा घेर आणि घरातला आजारांचा इतिहास बघून डॉक्टरांनी सांगायचं असतं. फलकावरच्या बाईने नाही. आणि त्यावरचा इलाज पावडरीच्या डब्यात नसतो. रोज चालणं, वेळेवर जेवण, पुरेशी झोप, ताटात डाळ-उसळ-भाजी जास्त आणि तळलेलं-गोड कमी, एवढ्याने जे होतं ते हळूहळू होतं, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला हवा. औषधाने लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. म्हणून आता बरेच जण औषध न म्हणता 'फूड सप्लिमेंट' म्हणतात. पण एखादा पदार्थ नेहमीच्या जेवणाला संपूर्ण पर्याय आहे असं खास परवानगीशिवाय सांगायलाही अन्न सुरक्षेच्या २०१८च्या नियमांनी मनाई आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कंपनीला आणि जाहिरातीत झळकणाऱ्या नटनट्यांनाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. 'पंधरा दिवसांत दहा किलो' असा दावा दिसला तर त्याचा फोटो काढा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कळवा. फ्रान्समध्ये तर २०१७पासून, जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर कॉम्प्युटरवर बारीक किंवा जाड केलं असेल, तर फोटोवर तसं छापावं लागतं. आपल्याकडेही तसा नियम व्हावा, ही मागणी महिला मंडळांनी आणि कॉलेजांनी आमदार-खासदारांकडे लावून धरावी.

घरातल्या पुरुषांनाही सांगणं आहे. जेवताना बायकोच्या, मुलीच्या, सुनेच्या अंगावरून चेष्टा करू नका. 'किती जाड झालीस' हे तर नकोच, 'बारीक झालीस, छान दिसतेस' हेही नको. ती आजाराने किंवा उपासमारीने बारीक झाली असेल, आणि तुमच्या शाबासकीने ती तोच रस्ता धरून पुढे जाईल. घरातली बाई शेवटी जेवते ती रीत मोडा, सगळे एकत्र बसा. आयांनो, मुलीसमोर आरशात बघून स्वतःच्या पोटाला नावं ठेवू नका. ती ऐकत असते.

आणि एक काम याच आठवड्यात करा. घरातल्या प्रत्येक मुलीचं, बाईचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आकडा १२च्या खाली आला तर डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्या, शाळेत मुलींना दर आठवड्याला निळी गोळी मिळते तीही चुकवू देऊ नका. जेवताना पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. चहा जेवणाबरोबर नको, तासभराने घ्या. आणि रक्त भरून येईपर्यंत त्या घरात डाएट हा शब्द कुणी काढू नये.